राखण शेवटी

दशरथकाकाची बोटं गेली त्या संध्याकाळी मी शाळेच्या मैदानावर मुलुंडच्या एका मुलीचा गुडघा फोडून घरी आले होते आणि भलतीच खुशीत होते. कबड्डी हो, दुसरं काय. नववीपर्यंत मी हजेरीला 'हजर' असं म्हणायचे की पुढच्या बाकावरच्या मुलीलाही ऐकू जायचं नाही. दहावीत कळलं, एकदा माझ्या हातात कुणाचा घोटा आला की तो सुटत नाही. तेव्हापासून भटवाडीचा चढ मी असा चढायचे, जसा काही तो माझ्या बाबांनी बांधलाय.

बाबा दारातच उभे होते. शर्टाला पोटापासून कॉलरपर्यंत रक्त.

"माझं नाही," ते म्हणाले. "दशरथचं. उजवा हात गेला. अंगठा तेवढा राहिला."

आई गावी गेलेली, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. मीच पाणी काढून दिलं. बाबा मोरीत बसून हात चोळत राहिले आणि भिंतीकडे बघत सांगत राहिले. "पत्र्यासकट चेपली गो. ठोकळा वर गेला तेव्हा पत्र्याचा वाडगा झालेला, आणि बोटं वाडग्याच्या तळाशी. दशरथ ओरडलापण नाही. वाडग्याकडे बघत बसला. मी खांद्यावर टाकला नि पळालो."

तेवढ्यात अनुपमा आत्या पवईहून कामावरून आली. तिने शेवटचं वाक्य ऐकलं. चपला काढायच्या राहून गेल्या.

"कुठल्या मशीनवर?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "तुझ्या."

आता आत्याचं सांगायला हवं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, पण त्यांना नावानेच, सहदेव अशी, हाक मारायची. आमच्याकडेच राहायची. आमच्या चाळीत कॉम्प्युटरवर काम करणारी ती एकटीच. बाबा आणि दशरथकाका आधी मिलमध्ये होते. संपात मिल गेली, मग दोघं मुलुंडच्या एका प्रेसच्या कारखान्यात लागले. तिथे पंख्याचे वाडगे बनतात. लोखंडी पत्रा ठेवायचा, वरून ठोकळा पडतो, वाडगा तयार. जुन्या प्रेसला पायाने दाबायची पट्टी होती. नव्या प्रेसला कॉम्प्युटरचा डबा आला आणि दोन हिरवी बटणं, एक इकडे, एक तिकडे, म्हणजे दोन्ही हात बटणांवर गुंतलेले, मशीनच्या बाहेर. त्या डब्यातला प्रोग्राम आत्याच्या पवईच्या ऑफिसातून यायचा.

आत्याने काय केलं होतं, तर एक भाषांतर करणारा प्रोग्राम लिहिला होता. त्याला कंपायलर म्हणतात. आपण सोप्या शब्दांत लिहायचं, पत्रा आवळ, थांब, ठोक. तो त्याचं मशीनच्या भाषेत करून देतो. ते भाषांतर मग एका चिपमध्ये कोरायचं आणि चिप डब्यात बसवायची. पण कच्चं भाषांतर लांबलचक होतं, म्हणून त्याच्यावरून तीन हात फिरायचे. आत्याने त्यांना घरातली नावं दिली होती. केरसुणी, म्हणजे जे दोनदा आलंय ते झाडून टाकणारी. घाई, म्हणजे वेळ वाचावा म्हणून कामं मागेपुढे करणारी. आणि राखण. राखण जिथे जिथे माणसाचा हात सापडू शकतो तिथे एक प्रश्न घालायची: दोन्ही बटणं दाबलेली आहेत ना?

एका प्रेसमध्ये हा प्रश्न दोनदा होता. एकदा सुरुवातीला. मग गोल कडं खाली येऊन पत्रा आवळून धरायचं, एक श्वासभर थांबायचं, आणि ठोकळा पत्र्यावर पोचायच्या आधी राखण परत विचारायची. हे दुसऱ्यांदा विचारणं बाबांमुळे आलं. पत्रा वाकडा बसला की त्या श्वासभरात बोटाने ढकलायची सगळ्यांना सवय. जुन्या प्रेसवर पाय उचलला की ठोकळा थांबायचा, त्यामुळे हात बिनधास्त झालेले. बाबांनी एकदा जेवताना हे बोलून दाखवलं आणि आत्याचा घास तसाच राहिला.

"मग परत विचारायला पाहिजे," ती म्हणाली होती.

"दोनदा कशाला?" मी विचारलं होतं.

"आपल्या घरात पाव्हण्याला जेवायला किती वेळा विचारतात?"

दोनदा. कोकणातलं कुठलंही घर घ्या. पयला 'नको' लाजेचा, दुसरा पोटाचा, असं बाबा म्हणतात. मधल्या वेळात माणूस बदलतो.

तर त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "भाऊराव सगळ्यांना सांगत सुटलाय, दशरथने एक बटण चिंधीने बांधून ठेवलं होतं. हात मोकळा राहावा म्हणून. मी बाजूच्याच मशीनवर होतो. चिंधी नव्हती."

भाऊराव म्हणजे त्यांचा फोरमन.

"मग तसं सांगितलंस?" आत्याने विचारलं.

"सांगितलं. म्हणाला, एवढा माहीतगार आहेस ना, उद्या दुपारपाळीला त्या मशीनवर तूच बस."

"तू बसायचं नाहीस."

"नाय बसलंय तर खातलव काय?" बाबा चिडले की थेट मालवणीत उतरतात. "एक मिल गेली, पुरे झाली. आणि मशीन तुझी, अनू. तूच म्हणतंस बसू नको?"

आत्याने तेव्हा कुठे चपला काढल्या. 

सकाळी मी उठायच्या आत बाबा हॉस्पिटलात गेले. तिथून परस्पर कामावर. दुपारी दोनला मी शाळेतून आले तेव्हा आत्या गॅससमोर बसलेली, चहा उतू जाऊन ओट्यावर पसरलेला, आणि ती स्वतःशीच बोलत होती.

"मोठ्या चिपमध्ये जेमतेम बसत होता. छोट्यात कसा मावला?"

"काय मावला?"

तिने सांगितलं. गेल्या आठवड्यात तिच्या साहेबांनी, नंदकिशोर सरांनी, हे काम तिच्याकडून काढून स्वतःकडे घेतलं होतं. कारखान्याच्या शेठला प्रोग्राम छोट्या, स्वस्त चिपमध्ये हवा होता. आत्या म्हणाली मावणार नाही. दोन दिवसांनी सर हसत आले, म्हणाले, मावला, तुम्हाला उगाच पसारा करायची सवय आहे.

"काहीतरी गळलंय," आत्या म्हणाली. "पण सरांनी माझ्या प्रोग्रामला हात लावला नाही. मी बघितलं असतं. त्यांना माझा प्रोग्राम कळतच नाही. फार तर ती एक ओळ बदलता येते."

ती ओळ मला माहीत होती. शनिवारी शाळा सुटली की मी पवईला तिच्या ऑफिसात जाऊन बसायचे, आणि कधीकधी ती ओळ मीच टाइप करायचे. इंग्रजी अक्षरांत तीन नावं. केरसुणी, घाई, राखण. ज्या क्रमाने नावं, त्या क्रमाने हात फिरणार.

मी भिंतीला टेकून उभी होते आणि खिडकीतून समोरच्यांचा उंबरठा दिसत होता. त्यांच्या सुनेने रांगोळी काढली होती, आणि सासूने मागाहून येऊन खोलीतला केर तिच्यावरूनच बाहेर ओढला होता. पांढरे फराटे उरले होते.

"आत्या," मी म्हटलं, "त्यांनी आधी राखण घातली आणि मग केरसुणी फिरवली असेल तर?"

"म्हणजे?"

"राखण दोनदा विचारते," मी म्हटलं. "केरसुणीला कुठे माहितीये का विचारते ते. तिला दिसलं, एकच प्रश्न दोनदा. टाकला झाडून."

आत्याचा चेहरा राखेसारखा झाला. मग ती उठली आणि फळीवरून साबणाची डबी काढली. त्यात काळ्या स्पंजमध्ये टोचलेली एक चिप होती. तिची स्वतःची, मोठी, जुन्या क्रमाची. "चल. सहदेव तीनला बसणार. फोन केला तर भाऊरावच उचलेल."

मी चपला शोधत होते तेव्हा दार आत आलं. म्हणजे उघडलं नाही, बिजागरीतून निघून आत आलं.

दशरथकाकाचा धाकटा भाऊ सीताराम. आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचा, गणपतीत माझ्या हातात टाळ देणारा. हातात लोखंडी सळई होती.

"कुठाय ती इंजिनीयरीण?"

त्याने पहिला वार आरशावर केला, दुसरा ट्यूबलाइटवर. काचा पावसासारख्या आल्या. तिसरा आत्याच्या डोक्यावर येत होता. तिने डावा हात वर केला आणि सळई मनगटावर बसली. ओला बांबू मोडतो तसा आवाज आला. आत्या भिंतीवर आदळून खाली बसली. तरी साबणाची डबी उजव्या हातात घट्ट.

"माझ्या भावाचा हात खाल्लास, रांडे. आता तुझे दोन्ही घेतो."

त्याने परत सळई उचलली, आणि त्याचा उजवा पाय पुढे आला. तो पाय माझ्यासमोर होता. मी विचार केला असं नाही म्हणणार. खाली झेपावले, घोटा धरला, खांदा त्याच्या गुडघ्यामागे घातला आणि उचलला. तो पाट्यावर तोंडावर पडला. एक दात उडून माठाला लागला. मी त्याच्या पाठीवर बसले आणि सळईचा हात मागे पिळला, खांद्यातून काहीतरी सरकेपर्यंत. तो गुरासारखा ओरडला. काचांवर त्याचा गाल घासत होता आणि मी सोडत नव्हते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सगळ्या अंगातून बरं वाटत होतं.

"रत्ना, पुरे," आत्या म्हणाली.

"याने तुझा हात मोडला."

"पुरे म्हटलं ना. सीताराम, ऐक. तुझ्या भावाने चिंधी बांधली नव्हती. चूक प्रोग्रामात आहे. माझ्या ऑफिसातून गेलेल्या. मला मारायचं तर नंतर मार. पण तीन वाजता त्याच मशीनवर सहदेव बसतोय."

सीताराम धापा टाकत होता. रक्ताचा फुगा नाकातून येत जात होता.

"सहदेवदादा?"

"हो."

काल त्याच्या भावाला खांद्यावर टाकून कुणी नेलं ते त्यालाही माहीत होतं.

"ऊठ गं अंगावरनं," तो मला म्हणाला. "म्हैस आहेस काय."

रिक्षात आम्ही तिघं बसलो. आत्या मधे, तिचा हात माझ्या शाळेच्या पट्टीला ओढणीने बांधलेला. सळई सीतारामच्या मांडीवर. रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं, रक्ताने माखलेला पुरुष, पांढरीफटक बाई, वेण्या विस्कटलेली मुलगी. "हॉस्पिटल?" त्याने विचारलं.

"मुलुंड," सीताराम म्हणाला. "मीटर टाक."

भांडुप आलं. मग सीताराम पुढे बघतच म्हणाला, "खूप दुखतंय काय?"

"हो," आत्या म्हणाली.

"माझा खांदा पण गेलाय."

"छान झालं," मी म्हटलं.

कारखान्याच्या फाटकाबाहेर शहाळेवाला बसतो. आत्याने दोन शहाळी घ्यायला लावली, न फोडता. मला वाटलं तिला भोवळ आलीये. फाटकावर शेठची दोन माणसं होती, वॉचमनच्या कपड्यांतली, पण वॉचमन नव्हेत. एकाच्या मुठीत सायकलची साखळी गुंडाळलेली.

"आज बाहेरच्यांना मनाई आहे, बाई."

"मी पवईहून आलेय. मशीन माझी आहे."

"मशीनवाले साहेब आत आहेत. तू घरी जा, पट्टी बांध."

सीतारामने बोलणं वाया घालवलं नाही. डाव्या हातानेच सळई फिरवली, आणि साखळीवाल्याची नडगी वाजली. तो एका पायावर उड्या मारत साखळी फिरवत सुटला. साखळी माझ्या कानावर बसली आणि जग एकदम शांत झालं, नुसती शिट्टी. कानातून गरम गरम मानेवर उतरलं. दुसऱ्याने आत्याचा मोडका हातच धरला आणि ओढला. ती किंचाळली ते मला शिट्टीतूनही ऐकू आलं. मी शहाळं देठाला धरलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. मग परत. तिसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, पण मारलं. शहाळं शाबूत राहिलं. त्याचं नाक राहिलं नाही.

आत पळालो.

बाबा मशीनवर बसलेले. पत्रा ठेवलेला, दोन्ही हात बटणांच्या वर तरंगत. डब्याजवळ नंदकिशोर सर उभे होते, सफारी सूट, खिशाला पेन, आणि त्यांच्याशेजारी भाऊराव.

"बाबा, हात काढा," मी म्हटलं. शिट्टीमुळे मला माझाच आवाज येत नव्हता, त्यामुळे बहुतेक मी फार मोठ्याने बोलले. सगळी शेड थांबली.

बाबांनी हात काढले. मग माझा कान बघितला, आत्याचा हात बघितला, सीताराम बघितला, आणि स्टूल लाथेने उडवून त्याच्या अंगावर आले.

"त्याचं नंतर," आत्या म्हणाली. "सहदेव, आधी माझं ऐक."

तिने एक शहाळं पत्र्याच्या मधोमध ठेवलं. आजूबाजूच्या मशीनवरची माणसं जमायला लागली.

"चिंधी आहे का कुठल्या बटणाला? बघा सगळ्यांनी. नाही ना? आता हा दोन्ही बटणं दाबेल. कडं खाली येईल. कडं आलं की हात वर करेल. मी जो प्रोग्राम लिहिला होता, त्यात हात काढला की ठोकळा थांबतो."

"मॅडम, हा तमाशा काय आहे," नंदकिशोर सर म्हणाले. "आपण ऑफिसात बोलू."

"दाब," आत्या म्हणाली.

बाबांनी दाबलं. कडं आलं, पत्रा आवळला. बाबांनी दोन्ही हात डोक्याच्या वर केले, सगळ्यांना दिसतील असे. श्वासभर काही नाही. आणि ठोकळा पडला.

शहाळ्याचा आवाज कवटीसारखा आला असं मी नंतर मैत्रिणींना सांगितलं. कवटीचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, पण तिथल्या एकाही माणसाला दुसरं काही सुचलं नसेल. पाणी आमच्या सगळ्यांच्या तोंडावर उडालं. बाबांचे हात वरच राहिले होते. 

"सर," आत्या म्हणाली, "ओळीत राखण पहिली लिहिलीत ना तुम्ही?"

"अहो, छोट्या चिपमध्ये बसवायचं होतं," सर म्हणाले. ते खरंच गोंधळले होते. "क्रम बदलून बघितला आणि मावलं. नावं तीच तर होती, तिन्ही. मी काही काढलं नाही."

"रत्ना, मेन बंद कर. चिप बदल. मला एका हाताने नाही जमणार."

मी बटण खाली ओढलं, डबा उघडला, बाबांच्या स्क्रू-ड्रायव्हरने छोटी चिप उचकटली. आत्या सांगत होती, ही छोटी तार उचलून शेजारच्या खिळ्यावर घाल, म्हणजे डबा मोठी चिप वाचेल, चिपची खाच डावीकडे, दाब, सगळीकडून सारखी दाब. माझ्या बोटांना कानाचं रक्त लागलेलं, ती घसरत होती. दाबताना चिपचा एक पाय वाकल्यासारखा वाटला. बघायला गेले तर मागून धक्का आला. तरी मी मेन वर केला, कारण दुसरं शहाळं ठेवायचं होतं, तीच कृती परत दाखवायची होती, ठोकळा थांबतो ते.

पण शहाळं कुणालाच बघायचं नव्हतं.

कुणीतरी नंदकिशोर सरांचा खिसा पेनासकट फाडला. भाऊराव केव्हाच पळाला होता. दशरथकाकाबरोबर पंधरा वर्षं डबा खाल्लेली माणसं होती ती. एकाने सरांच्या पोटात गुडघा घातला, एकाने केस धरून डोकं मशीनच्या अंगावर आपटलं. चष्मा गेला. सर "बायको आहे, मुलं आहेत" असं काहीतरी म्हणत होते. चौघांनी त्यांचा उजवा हात धरला आणि शहाळ्याच्या लगद्यात, पत्र्यावर, दाबून धरला.

"सीताराम, तुझा मान," कुणीतरी म्हणालं.

बाबा मधे पडले. त्यांना पाठीत पाना बसला आणि ते गुडघ्यावर आले. मी मेनकडे झेप घेतली, तर एका माणसाने माझ्या दोन्ही वेण्या धरून मला मागे ओढलं. मी त्याच्या मनगटाला चावले, मांस लागेपर्यंत चावले, सोडेना. आत्या बाजूला पडलेली, तिच्यावरून पाय जात होते.

सीतारामने सळई टाकली. दोन्ही हिरव्या बटणांवर हात ठेवले. उजवा खांदा मीच उखडलेला, तो हात वर नेताना त्याचा चेहरा वाकडा झाला. पण नेला. आणि दाबलं.

कडं खाली आलं. पत्र्यासकट सरांचं मनगट आवळलं. सर जे ओरडले ते माणसासारखं नव्हतं.

मग तो श्वासभराचा वेळ. ज्यासाठी आत्याने जेवता जेवता दुसरा प्रश्न ठरवला होता.

आत डब्यात काय होतं मला माहीत होतं, आणि तेवढंच माहीत होतं. चिप नीट बसली असेल तर मशीन आता दुसऱ्यांदा विचारत होतं. बसली नसेल, तो पाय वाकला असेल, तर विचारणार नाही. आणि विचारलं तरी, सीतारामने हात तसाच ठेवला तर त्याचं उत्तर 'हो' होतं. मशीनला कोणाचा हात आत आहे त्याच्याशी काही देणंघेणं नाही. ते फक्त विचारतं.

"सीतारामदादा," मी म्हटलं. "नक्की?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो सरांच्या बोटांकडे बघत होता. पाच होती. गोरी, शाईचा डाग असलेली, शहाळ्याच्या मलईत रुतलेली, आणि हलत होती.

त्याचा डावा हात बटणावरून उठला.

ठोकळा सुटला, अर्ध्यात आला, आणि धाडकन थांबला. सगळी शेड हादरली. ठोकळा आणि ती पाच बोटं यांच्यामध्ये माझी वीत मावेल एवढी जागा होती.

माझ्या वेण्या धरणाऱ्याने हात सोडला. सरांचा हात धरणारे चौघं एकमेकांकडे न बघता मागे झाले. बाबा उठले, मेन बंद केला आणि कडं हाताने फिरवून वर घेतलं. सर खाली घसरले. त्यांची पॅन्ट ओली झाली होती, मनगटावर काळी-निळी बांगडी उठली होती. ते बोटं मोजत बसले, लहान मुलासारखे, एका हाताने दुसऱ्याची.

सीताराम तिथेच उकिडवा बसला आणि रडला. "दादाला पण विचारलं असतं ना," तो म्हणत होता. "त्याला पण दुसऱ्यांदा विचारलं असतं."

आत्याचं प्लास्टर दीड महिना होतं. कामावरून तिला कोणी काढलं नाही, कारण बाकी कोणाला ते भाषांतर येत नव्हतं. सरच गेले. पहिल्या शनिवारी ती मला पवईला घेऊन गेली. ती सांगत होती, मी टाइप करत होते. आता नुसत्या ओळीवर भरवसा नाही, ती म्हणाली, ओळ काय, कोणीही बदलेल. आता प्रत्येक हात स्वतःच सांगणार की मी कुणाच्या नंतर. राखण उठल्यावर आधी मागे वळून बघणार. तिच्यामागे कोणी उभं असेल, केरसुणी असो की घाई, तर भाषांतरच होणार नाही, चिप कोरलीच जाणार नाही.

"आणि तुझी स्वतःची चूक झाली तर?" मी विचारलं.

"म्हणून तर तुला बसवलंय. वाच परत."

मी परत वाचलं.

त्या रविवारी सीताराम आमचं दार बसवायला आला. बिजागऱ्या स्वतःच आणल्या होत्या, आरसाही. उजवा हात गळ्यात अडकवलेला, त्यामुळे खिळे मी धरत होते आणि तो डाव्या हाताने ठोकत होता, वाईट. दोनदा माझ्या अंगठ्यावर बसला. बाबा आतून बघत होते, त्याच्याशी बोलत नव्हते. आत्या भाकरीला बसलेली, एका हाताने थापत. बांगड्याच्या तिखल्याचा, त्या झणझणीत मासळीच्या कालवणाचा, वास दशरथकाकाच्या खोलीपर्यंत गेला असणार.

दार लागलं. दोनदा उघडून बंद करून बघितलं. सीताराम हत्यारं गोळा करायला लागला.

"जेवून जा," मी म्हटलं.

"नको."

आत्याने भाकरी उलटली. बाबांनी वर बघितलं. मी परत विचारलं.